वाचकांचे प्रश्न : घरच्या पीनट बटर कुकीज आणि तेलाचा हिशेब

उन्हाळ्याच्या सुट्टीत मुले घरी असली की खाऊचे डबे भराभर रिकामे होतात आणि बाजारातून आणलेल्या पुड्यांपेक्षा घरी काही करावे असे घरातल्या मोठ्यांना वाटू लागते. सोलापूर शहर आणि जिल्ह्यातून अलीकडे आलेल्या पत्रांमध्ये घरी केलेल्या पीनट बटरच्या कुकीजविषयीचे प्रश्न इतके आहेत की या वेळचे सदर आम्ही त्यांनाच दिले आहे. काही पत्रे संक्षेपाने दिली आहेत. पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत घरच्या पीनट बटरच्या कुकीज ओटीजीमध्ये (घरगुती विजेच्या ओव्हनमध्ये) उत्तम झाल्या होत्या. त्याच मापाने एप्रिलच्या अखेरीस केल्या तेव्हा त्या ट्रेभर पसरून एकमेकींना चिकटल्या, कडा करपल्या आणि मधला भाग तेलकट राहिला. पुढच्या आठवड्यात त्याच बरणीतले उरलेले पीनट बटर वापरले, तर पीठ मिळूनच येईना. सासूबाईंच्या मते बटर जास्त झाले आणि यजमानांच्या मते ओटीजी बिघडला आहे. खरे कारण कोणते? (एक गृहिणी, जुळे सोलापूर)

उत्तर : ओटीजी दुरुस्तीला देण्याची घाई करू नये. सासूबाईंचे निदान बरेच जवळचे आहे, मात्र जास्त झालेला स्निग्धांश बटरचा नसून शेंगदाण्याचा आहे. शेंगदाण्याच्या वजनात जवळजवळ निम्मे तेल असते. आपल्याकडे उखळात किंवा खलबत्त्यात शेंगाचटणी कुटताना दाण्याला तेल सुटू लागले, चटणी हाताला ओलसर लागू लागली की हात थांबवतात. पीनट बटर करताना तिथे न थांबता पुढे वाटत राहायचे असते, म्हणजे आधी कूट, मग गोळा, मग सैल लगदा आणि शेवटी चमच्यावरून ओघळणारी पेस्ट तयार होते. या शेवटच्या अवस्थेत दाण्यातले बहुतेक तेल मोकळे झालेले असते आणि बरणी चार दिवस स्थिर राहिली की ते वर तरंगते. आपण एप्रिलमध्ये बहुधा बरणीचा वरचा, तेलकट भाग वापरला आणि नंतर तळाचा कोरडा भाग. त्यामुळे एकाच बरणीतून दोन वेळा दोन वेगळे जिन्नस कणकेत गेले. बरणीत लांब चमचा तळापर्यंत घालून पेस्ट पूर्ण एकजीव केल्याशिवाय माप घेऊ नये. आपल्या तक्रारीचा निम्मा भाग एवढ्यानेच दूर होईल.

दुकानातल्या पीनट बटरचे असे होत नाही, कारण त्यात बहुतेक वेळा थोडे हायड्रोजनेटेड तेल मिसळलेले असते. ते साध्या तापमानाला घट्ट राहते आणि शेंगदाण्याचे तेल धरून ठेवते. ही पद्धत अमेरिकेत १९२०च्या दशकात रूढ झाली. दाण्याच्या पेस्टचे पेटंट मात्र त्याही आधी, १८८४ मध्ये, मॉन्ट्रियलच्या मार्सेलस एडसन यांनी घेतले होते. इंटरनेटवरच्या बहुसंख्य पाककृती दुकानी पीनट बटर गृहीत धरून लिहिलेल्या असतात. घरचे वापरायचे असेल तर त्यांतले बटर चौथ्या हिश्शाने कमी करावे, असे आमचे मत आहे.

राहिला प्रश्न दिवाळी आणि एप्रिल यांमधल्या फरकाचा. लोणी साधारण ३२ ते ३५ अंश सेल्सिअसला पूर्ण वितळते. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि दुपारी गॅस चालू असलेले स्वयंपाकघर त्याहून फारसे थंड नसते. अशा वेळी कणीक मळता मळताच त्यातले बटर पातळ होते. मग कुकी ओव्हनमध्ये गेल्यावर मैदा शिजून आकार धरण्याच्या आतच ती पसरून जाते. दिवाळीत हेच बटर घट्ट होते, ते ओव्हनमध्ये सावकाश वितळले आणि तेवढ्या वेळात कुकीने आकार धरला. तेव्हा उन्हाळ्यात ही कामे सकाळी लवकर करावीत, तयार गोळे झाकून फ्रीजमध्ये किमान एक तास ठेवावेत आणि ओव्हन पूर्ण तापल्यावरच बाहेर काढावेत. एक ट्रे ओव्हनमध्ये असताना दुसऱ्या ट्रेतले गोळे ओट्यावर न ठेवता पुन्हा फ्रीजमध्ये ठेवावेत. गरम ट्रेवर दुसरी खेप लावणे ही तर सर्रास होणारी चूक आहे, कारण ट्रेच्या उष्णतेने गोळ्याचा तळ आधीच वितळू लागतो.

माप असे घ्यावे. मैदा १६० ग्रॅम, घरचे पीनट बटर १३० ग्रॅम, मीठविरहित बटर ८० ग्रॅम, पिठीसाखर ११० ग्रॅम, दूध २ मोठे चमचे, बेकिंग पावडर अर्धा छोटा चमचा, खाण्याचा सोडा पाव छोटा चमचा आणि चिमूटभर मीठ. आपल्याकडे घरोघरी मिळणारे पिवळे बटर खारट असते, ते वापरल्यास वरून मीठ घालू नये. बटर आणि साखर फेसून त्यात पीनट बटर व दूध मिसळावे आणि मग चाळलेले कोरडे जिन्नस घालून हलक्या हाताने गोळा करावा. भाकरीच्या पिठासारखे जोर लावून मळू नये, मैद्याला चिवटपणा येतो. यात साधारण २० कुकीज होतात. १७० अंशांवर १२ ते १४ मिनिटे पुरतात. कडा सोनेरी झाल्या आणि मधला भाग बोटाला मऊ लागला तरी ट्रे बाहेर काढावा. कुकी कडक होते ती गार होताना. ओव्हनमध्येच ती कडक होण्याची वाट पाहिली तर गार झाल्यावर दाताने तुटत नाही.

प्रश्न : पीनट बटर करताना मिक्सरचे भांडे खूप तापते आणि दाण्याचा गोळा पात्याभोवती अडकून बसतो. वरून तेल घालावे का? (एक वाचक, अक्कलकोट रस्ता)

उत्तर : घालू नये. दाणे मंद आचेवर सावकाश भाजलेले असावेत आणि साले काढल्यावर कोमट असतानाच वाटावेत. पूर्ण गार झालेल्या दाण्यांना तेल सुटायला जास्त वेळ लागतो आणि मिक्सरवर विनाकारण ताण येतो. एक मिनिट मिक्सर चालवला की दोन मिनिटे बंद ठेवावा, कडेला लागलेला कूट खाली ओढून घ्यावा आणि पुन्हा चालवावा. गोळा अडकण्याची अवस्था प्रत्येक वेळी येते, त्यानंतर तो आपोआप सैल होतो. त्या टप्प्यावर घाबरून लोक तेल किंवा पाणी घालतात. पाणी घातलेले पीनट बटर तर टिकतही नाही.

एक गोष्ट आपण विचारलेली नाही, तरीही सांगणे आवश्यक वाटते. दाणे भाजण्याआधी ताटात पसरून निवडून घ्यावेत. सुरकुतलेले, काळपट, बुरशीचा वास येणारे दाणे बाजूला काढावेत. ओलसर साठवणुकीत दाण्यावर वाढणाऱ्या एका जातीच्या बुरशीमुळे अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार होते. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये शेंगदाण्याची दूषित पेंड खाऊन हजारो टर्की पक्षी मेले, तेव्हा त्याचा शोध लागला. भाजल्याने ते पूर्णपणे नष्ट होत नाही. एक खवट दाणा तोंडात आला तर आपण थुंकून टाकतो, पण पेस्टमध्ये तो ओळखू येत नाही. चटणीसाठी दाणे निवडताना आपल्या घरातल्या वृद्ध स्त्रिया जेवढ्या काटेकोर असतात, तेवढेच इथेही असावे.

प्रश्न : आमच्या घरी मैदा फारसा आणत नाहीत, पण शेतातली मालदांडी ज्वारी भरपूर आहे. ज्वारीच्या पिठाच्या कुकीज केल्या तर डब्यात पोहोचेपर्यंत त्यांचा भुगा होतो. भाकरीसाठी आम्ही ताजे पीठ वापरतो, तसेच इथेही ताजेच घेतले होते. (एक शेतकरी कुटुंब, मंगळवेढा)

उत्तर : ज्वारीत ग्लुटेन, म्हणजे गव्हाच्या पिठाला चिवटपणा देणारे प्रथिन, नसते हे आपल्याला ठाऊक असेलच, परंतु मग भाकरी कशी थापली जाते हा विचार केला की उत्तर सापडते. भाकरीच्या पिठात आपण गरम पाणी घालतो. त्या पाण्याने पिठातल्या पिष्टाचा काही भाग शिजून चिकट होतो आणि मळल्यावर पीठ एकत्र राहते. पीठ जुने झाले की त्याची विरी, म्हणजे हा धरून राहण्याचा गुण, जाते आणि भाकरीला चिरा पडतात. कुकीत मात्र पाणी जवळजवळ नसतेच, सगळा ओलावा तेल-तुपाचा असतो आणि स्निग्धांशात पिष्ट शिजून चिकट होत नाही. म्हणून पीठ कितीही ताजे असले आणि त्याची विरी शाबूत असली तरी तिचा इथे उपयोग होत नाही.

उपाय दोन आहेत. पहिला सोपा आहे. ज्वारीबरोबर निम्मी गव्हाची कणीक घ्यावी, चव ज्वारीची राहते आणि कुकी धरून राहते. दुसरा उपाय ज्यांना गहू मुळीच नको त्यांच्यासाठी आहे. दोन मोठे चमचे ज्वारीचे पीठ पाव वाटी दुधात कालवून मंद आचेवर उकडीसारखे शिजवावे, कोमट झाल्यावर ते पीनट बटरमध्ये मिसळावे आणि मग उरलेले कोरडे पीठ घालावे. ही उकड ग्लुटेनचे काम थोडेफार करते. अशा कुकीज जाड आणि लहान ठेवाव्यात आणि ट्रेवरून उचलण्याची घाई करू नये. आमच्या मते ज्वारीला पीनट बटरची चव मैद्यापेक्षा अधिक शोभते. हुरड्याबरोबर शेंगदाण्याची चटणी खाणाऱ्या जिल्ह्याला हे निराळे सांगायला नको.

प्रश्न : घरात सासू-सासरे एकादशीचा उपवास करतात. दाणे उपवासाला चालतात, मग उपवासाच्या पीनट बटर कुकीज करता येतील का? मुलीचा आग्रह आहे की आषाढीला आजी-आजोबांनीही तिच्या कुकीज खाव्यात. (एक वाचक भगिनी, पंढरपूर)

उत्तर : निश्चित करता येतील. राजगिऱ्याचे पीठ १०० ग्रॅम, मीठ न घातलेले घरचे पीनट बटर १२० ग्रॅम, पिठीसाखर ६० ग्रॅम आणि साजूक तूप दोन मोठे चमचे एवढेच जिन्नस पुरतात. राजगिऱ्याचे पीठ आधी कढईत पाच मिनिटे कोरडेच भाजून घ्यावे, नाहीतर त्याचा कच्चा वास राहतो. सोडा व बेकिंग पावडर वगळावी. त्यांच्याशिवाय कुकी थोडी घट्ट होते, पण खुसखुशीतपणा तुपातून आणि दाण्यातून येतो. तुपात पाणी जवळजवळ नसते, बटरमध्ये ते बऱ्यापैकी असते. म्हणून बटरच्या जागी तूप घेताना ते वजनाने पाचव्या हिश्शाने कमी घ्यावे. १६० अंशांवर १५ मिनिटे भाजून ट्रेवरच गार होऊ द्यावे.

मात्र उपवासाला काय चालते याची रीत घरोघरी वेगळी असते. वेलची, सैंधव, किंवा ज्या ओव्हनमध्ये इतर दिवशी अंड्याचा केक होतो तो ओव्हन, यांविषयी सासूबाईंना आधी विचारावे. बहुतेक घरांत ट्रे स्वच्छ घासून त्यावर नवा बटर पेपर घातला की काम भागते. काही घरांत भागत नाही. तिथे जाड बुडाच्या कढईत झाकण ठेवून मंद आचेवर त्या भाजाव्यात. मुलीच्या आग्रहापुढे नियम वाकवण्यापेक्षा भांडे बदलणे सोपे.

प्रश्न : कुकीवर काट्याने चौकटी का काढतात? आई म्हणते छान दिसते म्हणून. (इयत्ता सहावीतील एक विद्यार्थी, सोलापूर)

उत्तर : छान दिसते हे खरे आहे, पण कारण तेवढेच नाही. पीनट बटरचे पीठ जड असते. गोल गोळा तसाच ओव्हनमध्ये ठेवला तर तो फारसा चपटा होत नाही, बाहेरून भाजला जातो आणि आतून कच्चा राहतो. म्हणून तो दाबून सारख्या जाडीचा करावा लागतो. हाताने दाबले तर पीठ हाताला चिकटते, काट्याने दाबले तर कमी चिकटते आणि रेघाही उमटतात. शेंगदाण्याच्या कुकीज अमेरिकेत काट्याची ही रीत येण्याआधीही होत्या. जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर या कृषिशास्त्रज्ञाने १९१६ मध्ये शेंगदाण्याच्या १०५ पाककृतींची एक पुस्तिका काढली, तिच्यातही त्या आहेत. काट्याने दाबण्याची सूचना मात्र १९३०च्या दशकातल्या पाककृतींमध्ये दिसू लागली आणि मग ती या कुकीची खूणच झाली. अशी खूण असण्याचा एक फायदाही आहे, शेंगदाणा न चालणाऱ्याला ती लांबूनच ओळखू येते. तू काटा मैद्यात बुडवून घे, म्हणजे पीठ मुळीच चिकटणार नाही. दाब देण्याचे काम तूच कर आणि ओव्हनचे दार उघडण्याचे काम आईकडे राहू दे.

प्रश्न : मुलाच्या शाळेने डब्यात शेंगदाण्याचा पदार्थ देऊ नये अशी सूचना दिली आहे. आपल्याकडे पोह्यांपासून खिचडीपर्यंत सगळ्यात दाणे असतात. ही सूचना अतिरेकी नाही का? (एक पालक, होटगी रस्ता)

उत्तर : नाही. वर्गातल्या एखाद्या मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर अगदी थोड्या अंशानेही त्याच्या अंगावर पित्त उठू शकते, ओठ व घसा सुजू शकतो आणि श्वास कोंडू शकतो. असे झाल्यास त्या मुलाला तत्काळ रुग्णालयात न्यावे लागते. भाजल्याने किंवा ओव्हनमध्ये शिजल्याने दाण्याचा हा गुण जात नाही. आपल्या देशातही पुडीबंद पदार्थात शेंगदाणा असल्यास तसे वेष्टनावर छापणे बंधनकारक आहे. घरच्या डब्यावर काही छापलेले नसते आणि मुले खाऊ वाटून खातात. कुकीज घरी खाव्यात, शाळेत रव्याची नानकटाई द्यावी. ती त्याच ट्रेवर, त्याच दिवशी मात्र भाजू नये.

प्रश्न : मला मधुमेह आहे. सून साखरेऐवजी गूळ घालून कुकीज करते आणि मला निर्धास्तपणे खायला सांगते. खाव्यात का? (एक निवृत्त शिक्षक, वय ७०)

उत्तर : सूनबाईंचा हेतू चांगला आहे, पण गूळ हीदेखील मुख्यत्वे साखरच आहे आणि रक्तातली साखर तोही वाढवतो. चवीसाठी गूळ जरूर वापरावा, कुकीला त्याने छान खमंगपणा आणि मऊपणा येतो. गूळ पावडरच घ्यावी, चिरलेल्या गुळाचे खडे भाजताना वितळून करपतात. आपण किती खाव्यात हे आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवावे आणि त्या दिवशीच्या आहारात त्यांचा हिशेब धरावा. ‘घरचे’ आणि ‘पौष्टिक’ हे दोन शब्द अलीकडे फारच सहज एकत्र उच्चारले जातात.

प्रश्न : विद्यापीठाजवळ खोली घेऊन राहतो. ओव्हन नाही, एकच गॅस आणि एक कुकर आहे. कुकी होईल का? (एक विद्यार्थी)

उत्तर : होईल, पण कुकरपेक्षा जुनी जाड कढई बरी. रिकामा कुकर कोरडा तापवल्याने तो खराब होतो. कढईत जाडे मीठ पसरून त्यावर लहान स्टँड ठेवावा, झाकून दहा मिनिटे मध्यम आचेवर तापवावे, मग ताटलीत चार-पाच कुकीज ठेवून आच मंद करावी. २० मिनिटांच्या आसपास पाहावे. वरून रंग येणार नाही, कारण उष्णता फक्त खालून येते. तळ सोनेरी झाला की झाल्या असे समजावे.

प्रश्न : पूर्व भागात आमच्या गल्लीत सुट्टीत मैदा-तूप-साखर नेऊन बेकरीत बिस्किटे पाडून आणण्याची पद्धत आहे. या कुकीजचे पीठ बेकरीवाल्याला द्यावे का? आणि एकदम दोन किलो केल्या तर किती दिवस टिकतील? (एक वाचक भगिनी, सोलापूर)

उत्तर : पीठ देण्यापूर्वी बेकरीवाल्याला त्यात शेंगदाणे आहेत हे स्पष्ट सांगावे, कारण त्याच ट्रेवर नंतर दुसऱ्याची बिस्किटे लागतात. शक्य असल्यास आपलाच ट्रे न्यावा. भट्टी घरच्या ओव्हनपेक्षा जास्त तापलेली असते, म्हणून पाव निघून भट्टी थोडी उतरल्यावर शेवटची खेप आपली लावायला सांगावी. घरून निघताना गोळे फ्रीजमध्ये घट्ट करून झाकणाच्या डब्यात न्यावेत, उन्हातून उघड्या परातीत नेले तर पोहोचेपर्यंत त्यांचा लगदा होईल. कुकी थोडी जाड ठेवावी.

टिकण्याविषयी सांगायचे तर आपल्या कोरड्या हवेत घट्ट झाकणाच्या डब्यात त्या पंधरवडाभर कुरकुरीत राहतात. पावसाळ्यात हा काळ कमी होतो. मऊ पडलेल्या कुकीज १५० अंशांवर चार-पाच मिनिटे पुन्हा तापवल्या की पूर्ववत होतात. खवट वास येऊ लागला तर मात्र काही उपाय नाही, शेंगदाण्याचे तेल हवेने आणि उष्णतेने खराब होते. म्हणून दोन किलो एकदम करण्यापेक्षा गोळे करून फ्रीझरमध्ये ठेवावेत आणि लागतील तसे भाजावेत. फ्रीझरमधून काढलेल्या गोळ्यांना दोन-तीन मिनिटे जास्त लागतात आणि त्यांना काट्याने दाबायचे असेल तर ते गोठवण्याआधीच दाबून ठेवावे.